जुन्या एसयूव्हीची ब्रेक डिस्क : थरथर, जाडी आणि घाटातली उष्णता



आज आपण एका लोखंडी चकतीबद्दल बोलणार आहोत. गॅरेजमध्ये तिला कुणी डिस्क म्हणतं, कुणी डिस्क प्लेट, आणि सुट्या भागांच्या दुकानात खोक्यावर रोटर लिहिलेलं असतं. तिन्ही एकच. पुढच्या चाकाच्या आत जी फिरते आणि जिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात, ती.

आणि गाडी कुठली, तर जुनी एसयूव्ही. सफारी १९९८ साली आली, बोलेरो आणि क्वालिस २००० साली, स्कॉर्पिओ २००२ साली. त्या पिढीतल्या आणि त्यानंतरच्या कितीतरी गाड्या आजही आपल्याकडे धावतायत. कुणी ती शेतावर वापरतं, कुणी वर्षातून चारदा कोकणात जातं, कुणाकडे वडिलांची म्हणून जपलेली असते. या गाड्यांची साधारण रचना अशी : पुढे डिस्क, मागे ड्रम. वजन भरपूर. आणि मालक बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा, म्हणजे आधीच्या दुरुस्तीची नोंद हातात नाही.

अशा गाडीत एक तक्रार हमखास येते. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मालक सांगतो, ‘डिस्क वाकली.’ मिस्त्री म्हणतो, ‘लेथवर फेस मारून देतो.’ चाक बसतं, थरथर जाते, सगळे खूश. चार-पाच महिन्यांनी थरथर परत. मग नवीन डिस्क. पुन्हा काही महिने शांतता, आणि पुन्हा तेच. हे असं का होतं, एवढं जरी आज नीट समजलं तरी पुरे. कारण यात पैसा जातो हे तर आहेच; पण दर वेळी त्या चकतीतलं थोडं लोखंडही जातं, आणि घाट उतरताना नेमकं तेच लोखंड आपल्याला वाचवत असतं.

डिस्कचं खरं काम : उष्णता साठवणं

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? गाडीच्या वेगात जी ऊर्जा आहे तिची उष्णता करतो. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती डिस्कमध्ये जाते आणि मग हवेत.

थोडा हिशोब करू. माणसं-सामान धरून गाडी अडीच टन. वेग ताशी ८० किलोमीटर. ती पूर्ण थांबवायची तर सुमारे ६१७ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. एवढ्या उष्णतेत दोन लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. एक ब्रेक म्हणजे चहाचं दोन लिटर आधण. यातली साधारण ७० टक्के कामगिरी पुढच्या ब्रेकवर पडते, कारण ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढच्या दोन डिस्कचं मिळून वजन २० किलो धरलं, तर एका अशा ब्रेकमध्ये त्यांचं तापमान ४० ते ४५ अंशांनी वाढतं. हे काही फार नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत बरंचसं निघून जातं.

आता घाट घ्या. लोणावळ्याहून खोपोलीत उतरताना आपण साधारण ५५० मीटर खाली येतो. अडीच टन वजन ५५० मीटर खाली आणायचं म्हणजे जवळजवळ साडेतेरा हजार किलोज्यूल. ऐंशीच्या वेगातून २२ वेळा गाडी थांबवण्याइतकी ऊर्जा. पाण्याच्या भाषेत बोलायचं तर ४६ लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या पाणी उकळेल. आणि हे सगळं काही मिनिटांत.

समजा ही सगळी ऊर्जा ब्रेकनेच घ्यायची ठरवली, आणि हवेनं काहीच थंड केलं नाही, तर पुढच्या डिस्क ९०० अंशांच्या वर जातील. प्रत्यक्षात असं होत नाही. हवा लागते, रस्त्याचा आणि हवेचा अवरोध काही ऊर्जा खातो, आणि आपण खालच्या गिअरमध्ये असलो तर इंजिन मोठा वाटा उचलतं. पण आकडा लक्षात ठेवा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारा माणूस याच आकड्याच्या दिशेनं चाललेला असतो.

म्हणून डिस्क ही उष्णतेची टाकी आहे असं समजा. टाकी जेवढी जाड, तेवढी उष्णता मावते.

डिस्क बिडाची म्हणजे कास्ट आयर्नची का करतात, तेही यातच आलं. बिडात ग्रॅफाइटच्या बारीक पापड्या असतात. त्यांच्यामुळे उष्णता पटकन पसरते, आवाज दबतो, आणि धातू स्वस्त पडतो. ही कल्पनाही जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली घेतलं होतं. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ साली, डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारनं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. ड्रममध्ये उष्णता आत कोंडते. डिस्क उघड्यावर असते, म्हणून पुन्हा पुन्हा ब्रेक मारला तरी दमत नाही. सगळी करामत एवढीच.

२ मिलिमीटर म्हणजे किती?

आता चकतीची कड बघा. एसयूव्हीची पुढची डिस्क बहुतेक वेळा व्हेंटिलेटेड असते. म्हणजे एक जाड पत्रा नाही, तर दोन चकत्या आणि मधे पोकळी, त्यात आधाराच्या बारीक भिंती. चाक फिरतं तशी हवा मधून शिरते आणि कडेनं बाहेर फेकली जाते.

समजा नवी डिस्क २४ मिलिमीटरची आहे आणि किमान जाडी २२. ऐकायला वाटतं, २४ मधले २ गेले, म्हणजे बारावा हिस्सा. पण थांबा. त्या २४ मध्ये मधली ८ मिलिमीटर पोकळीच असेल, तर खरं लोखंड १६ मिलिमीटरच. १६ मधले २ गेले म्हणजे आठवा हिस्सा गेला. टाकी तेवढी लहान झाली. तीच गाडी, तोच घाट, तीच माणसं, पण डिस्क जास्त तापणार.

म्हणून प्रत्येक डिस्कवर किमान जाडीचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. बाहेरच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर शोधा. ‘मिन टीएच’ अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा. गंज चढला असेल तर वायर ब्रशनं घासा, दिसतो. तो नाहीच सापडला तर गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत बघा. आणि हो, हा आकडा म्हणजे ‘इथपर्यंत वापरा, मग विचार करू’ असा सल्ला नाही. ती शेवटची पायरी आहे. त्याच्याखाली डिस्क वापरायची नाही.

जाडी मोजायची कशी? इथे एक चकवा आहे. डिस्क झिजते ती पॅड लागतो तिथेच. बाहेरच्या कडेला पॅड पोहोचत नाही, म्हणून तिथे न झिजलेला काठ राहतो. साधा व्हर्निअर लावला तर तो या काठावर टेकतो आणि डिस्क नव्यासारखी जाड दाखवतो. मायक्रोमीटर असेल तर उत्तम, तो काठ ओलांडून आत जातो. नसेल तर सोपी युक्ती करा. दोन सारखी नाणी घ्या, आधी दोन्ही एकावर एक ठेवून मोजा. मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना, घासल्या गेलेल्या जागेवर एकेक नाणं धरून व्हर्निअर लावा. आलेल्या मापातून नाण्यांचं माप वजा करा. बारीक अभ्यासाला ही युक्ती पुरणार नाही, पण डिस्क ठेवायची की टाकायची एवढं ठरवायला पुरते.

माप एका ठिकाणी घेऊ नका. काठापासून साधारण १०-१५ मिलिमीटर आत, गोल फिरत आठ जागी घ्या. सगळ्यात लहान आकडा तो आपला आकडा.

थरथर कुठून येते?

आता मूळ तक्रारीकडे. ‘डिस्क वाकली’ हे आपण सगळे म्हणतो. डिस्क वाकणं अशक्य आहे असं नाही, पण रस्त्यावरच्या गाडीत बहुतेक वेळा झालेलं असतं वेगळंच. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एका जागी किंचित जाड, दुसऱ्या जागी किंचित पातळ. जाड भाग पॅडमधून जाताना पॅड मागे ढकलले जातात, पातळ भाग येतो तेव्हा सैल होतात. चाकाच्या दर फेऱ्याला हा धक्का. तो कॅलिपरमधून स्टिअरिंगला आणि पेडलला पोहोचतो.

किती फरक पुरतो माहितीय? मिलिमीटरचे दोन शतांश भाग, ०.०२. आपल्या छपाईच्या साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे कागदाच्या पाचव्या हिश्शाइतका फरक हाताला जाणवू शकतो. डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही.

पण हा फरक तयार कसा होतो? खरं उत्तर इथे आहे. डिस्क हबवर बसते. हबच्या तोंडावर गंजाची एक पापडी राहिली, समजा ०.०५ मिलिमीटरची, तर डिस्क तेवढी तिरकी बसते. हबचं तोंड १५० मिलिमीटर रुंद आणि डिस्क २८० मिलिमीटर, तर कडेला ती तिरकी जवळजवळ दुप्पट होते, ०.०९ च्या आसपास. म्हणजे डिस्क फिरताना किंचित झोकांड्या खाते. याला रनआउट म्हणतात.

मजा अशी की नुसत्या रनआउटनं सुरुवातीला थरथर जाणवत नाही. कॅलिपर सरकता असतो, तो थोडं सांभाळून घेतो. पण ब्रेक न दाबताही डिस्कचा तो बाहेर आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला हलका घासून जातो. एसयूव्हीचं चाक एका किलोमीटरला साधारण ४५० फेरे मारतं. पाच हजार किलोमीटरला २२ लाखांहून जास्त. २२ लाख वेळा एकाच जागी हलकं घासणं! तेवढ्या जागी डिस्क झिजते, किंवा पॅडचा माल तिथे चिकटतो. जाडीत फरक पडला, आणि थरथर सुरू.

आता सुरुवातीचं कोडं सुटलं बघा. लेथवर फेस मारल्यावर थरथर गेली, कारण जाडी सारखी झाली. पण हबवरची पापडी तिथेच राहिली. डिस्क पुन्हा तिरकी बसली. पुन्हा फेरे, पुन्हा तीच गोष्ट. नवीन डिस्क घातली तरी तेच होणार. आपण दर वेळी परिणाम खरवडून काढत होतो, कारण मात्र तसंच ठेवून.

आणखी दोन कारणं असतात. एक, चाकाचे नट. हवेच्या बंदुकीनं एक नट करकचून, दुसरा सैल असे आवळले, तर डिस्क ओढली जाऊन तिरकी होते. दुसरं, तापलेला ब्रेक दाबून उभं राहणं. घाट उतरून खाली टोलनाक्यावर तुम्ही पेडल घट्ट दाबून थांबलात, तर पॅडचा माल तेवढ्याच जागी डिस्कवर छापला जातो. ती जागा पुढे जास्त तापते, आणि फारच तापली तर तिथलं बीड कडक होतं. असे कडक डाग पडलेली डिस्क लेथवर फिरवूनही सुधारत नाही, डाग खोलवर असतात. ती बदलायचीच.

एक खूण सांगून ठेवतो. स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी पुढचं बघा. स्टिअरिंग शांत, पण पेडल आणि सीट थरथरतेय, तर मागचा ड्रम गोल राहिला नसेल. आणि ब्रेक न लावताही थरथर असेल तर डिस्कला दोष देऊ नका. टायर, बॅलन्सिंग, बेअरिंग तपासा.

फेस मारावा की नाही?

सरसकट ‘नाही’ आम्ही म्हणणार नाही. हिशोब करा. समजा डिस्क २२.८ भरली, किमान २२. लेथवर दोन्ही बाजूंनी ०.३ गेले तर उरले २२.२. आता झिजायला ०.२ मिलिमीटर शिल्लक. म्हणजे मजुरी देऊन आपण थोडे महिने विकत घेतले, आणि त्या महिन्यांत पातळ डिस्कवर घाट उतरणार. इथे नवीनच घ्या. डिस्क २३.६ असेल, तडे नसतील, डाग नसतील, तर फेस मारणं वाजवी आहे. अट एकच : लेथवाल्याकडे जाण्याआधी आणि आल्यावर माप लिहून घ्यायचं, आणि बसवताना हब साफ करायचा.

काही डिस्क मापात असूनही बदलाव्या लागतात. तडा कडेपर्यंत पोहोचला असेल तर. खोल चर असतील तर. किनारपट्टीवरच्या गाडीत मधल्या पोकळीच्या भिंती गंजून पोखरल्या असतील तर. कडेनं टॉर्च मारून आत बघा, पापुद्रे निघताना दिसतात. गावाकडे सहा-सहा महिने उभ्या असलेल्या गाडीत पॅडच्या आकाराचा गंज डिस्कवर बसतो. वरवरचा असेल तर चालवल्यावर निघतो. खड्डे पडले असतील तर निघत नाही. पावसाळ्यात रात्रीतून येणारी तांबूस पूड मात्र चिंतेची नाही, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये साफ होते.

बदलताना : क्रम आणि काळजी

ज्यांना स्वतः करायचं नाही त्यांनीही हे ऐका, कारण गॅरेजमध्ये समोर उभं राहून काय बघायचं ते कळेल.

डिस्क दोन प्रकारे बसते. एक, चाकाच्या स्टडवर नुसती सरकवलेली. कॅलिपर आणि त्याचा ब्रॅकेट काढला की बाहेर येते. दुसरा प्रकार जुन्या गाड्यांत भेटतो : डिस्क हबला मागून बोल्टनं जोडलेली. तिथे हब काढावा लागतो, बेअरिंग उघडतं, ग्रीस नवं भरावं लागतं, बेअरिंगचा ताण नीट बसवावा लागतो. हे काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्या. आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे ते आधी विचारा.

जागा सपाट. मागच्या चाकांना ठोकळे. गाडी फक्त जॅकवर ठेवून आत हात घालायचा नाही, स्टँड लावायचा. ब्रेकची पूड हवेच्या पाइपानं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जायला नको. ओल्या फडक्यानं पुसा.

कॅलिपर काढला की तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका. तारेनं स्प्रिंगला किंवा आर्मला बांधा. आतून नळी फाटली तर बाहेरून दिसत नाही.

आता कॅलिपरच्या सरकत्या पिना बघा. बोटानं सरकल्या पाहिजेत. अडकल्या असतील तर एकच पॅड काम करतो. आतला झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा, असं दिसलं की समजा पीन अडकलीय. साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावा. नेहमीचं बेअरिंगचं ग्रीस तिथल्या रबराला फुगवू शकतं. पिस्टनचं धूळ-रबर फाटलंय का तेही आत्ताच बघा.

जुनी डिस्क गंजून चिकटली असेल तर टोपीवर दोन आटे असलेली भोकं आहेत का पाहा. त्यात बोल्ट आवळत गेलं की डिस्क आपोआप सुटते. ती भोकं त्यासाठीच असतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं. हबचं तोंड. वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, प्रत्येक स्टडच्या मुळाशी फिरवून, धातू चकाकेपर्यंत. बोट फिरवून बघा, कुठे खरखरीत लागता कामा नये. गॅरेजमध्ये घाईत नेमकं हेच राहून जातं. तुम्ही समोर उभे असाल तर आवर्जून सांगा : ‘हब साफ करा, मग डिस्क बसवा.’

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं. ते ब्रेक क्लीनरनं काढा. तो नसेल तर साबण-पाण्यानं धुऊन लगेच कोरडी करा. रॉकेल किंवा डिझेलनं पुसू नका; त्याचा थर राहतो आणि पॅड तो पितात.

डिस्क बसवून दोन-तीन नट आवळा आणि डायल गेज असेल तर कडेजवळ लावून हळू फिरवा. पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते, बऱ्याच गाड्यांत ती ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान. जास्त येत असेल तर डिस्क काढून एका स्टडनं फिरवून पुन्हा बसवा. बऱ्याचदा तेवढ्यानं जुळतं. तरीही नाही, तर बेअरिंग ढिलं आहे का ते बघा.

डिस्क नेहमी जोडीनं बदला, डावी-उजवी दोन्ही. पॅडही नवेच घाला. जुने पॅड जुन्या डिस्कच्या चरांशी जुळलेले असतात. पिस्टन मागे ढकलताना वरच्या डबीत ब्रेक ऑइल चढतं, ते ओतू देऊ नका. रंगावर पडलं तर रंग उतरतो.

नट आवळताना चांदणीच्या क्रमानं, समोरासमोरचे, दोन टप्प्यांत, शेवटी टॉर्क रेंचनं. या वर्गातल्या गाड्यांना बहुतेक १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, पण तुमच्या पुस्तिकेतला आकडा तो खरा.

आणि हे कधीही विसरू नका : गाडी हलवण्याआधी पेडल पंप करा. पिस्टन मागे ढकललेले असतात. पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. पंप न करता गाडी गिअरमध्ये टाकली, तर समोरच्या भिंतीलाच थांबेल.

जुळवणी

नवी डिस्क, नवे पॅड लगेच जोरात वापरायचे नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबानं वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. मधे थोडं चालवा, पुन्हा करा. असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून थंड होऊ द्या. यानं पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. हे न करता दुसऱ्याच दिवशी घाटात गेलात तर तो थर ठिपक्या-ठिपक्यांनी बसेल.

डिस्कच्या आजूबाजूचं

पुढची डिस्क लवकर जात असेल तर मागचे ड्रम उघडून बघा. मागचे शू सैल असतील किंवा अॅक्सलच्या सीलमधून तेल गळून ओले झाले असतील, तर मागचा ब्रेक नावालाच असतो. सगळा भार पुढच्यांवर.

ब्रेक ऑइल हे खरं तर तेल नाहीच. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. पाणी शोषलेल्या अवस्थेत ते १४० वर येतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. आपल्या पावसाळ्यात दर दोन वर्षांनी बदलणं शहाणपणाचं. पातळ झालेली डिस्क आणि पाच वर्षं जुनं ब्रेक ऑइल ही जोडी एकत्र घाटात नेऊ नका.

प्रश्नोत्तरं

प्रश्न आलाय : घाटात ब्रेक कमी पडतोय हे कसं ओळखायचं?

दोन प्रकार. पेडल टणक आहे, तुम्ही जोर लावताय, पण गाडी धरत नाही : पॅड तापलेत. पेडल मऊ, खाली जातंय : ब्रेक ऑइल उकळतंय. दोन्हीत लगेच एकेक गिअर खाली या, पेडल पंप करा, हँडब्रेक हळूहळू ओढा, आणि बाजूला थांबा. अर्धा तास तरी थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेल्या बिडाला तडा जाऊ शकतो. खाली उतरल्यावर लगेच वॉशिंग सेंटरला जाण्याचाही मोह टाळा. मुळात ही वेळ येऊ नये म्हणून जुना नियम : ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक थोडा वेळ ठामपणे लावा, मग पूर्ण सोडा. सतत हलका पाय ठेवू नका.

दुसरा प्रश्न : भोकं पाडलेल्या डिस्क बाजारात मिळतात, त्या घ्याव्यात का?

घरगुती वापराच्या जड गाडीला गरज नाही. भोकं म्हणजे तेवढं लोखंड कमी, आणि तडे बऱ्याचदा भोकापासूनच सुरू होतात. मूळ मापाची, साधी, चांगल्या बनावटीची डिस्क घ्या. खोक्यावर गाडीचं मॉडेल आणि साल जुळतंय का बघा, आणि नवी असतानाच जाडी मोजा.

तिसरा : पॅड कधी बदलायचे ते आवाजावरून कळतं का?

काही पॅडना पत्र्याची जिभली असते, ती डिस्कला लागून किंचाळते. ते चांगलं, इशारा आहे. पण खर्रर्र असा घासल्याचा आवाज आला तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय, डिस्कही गेली समजा. पॅडचा माल ३ मिलिमीटरवर आला की बदलून टाका. पॅड वेळेवर बदलणाऱ्याची डिस्क जास्त टिकते.

शेवटचा प्रश्न : गाडीला १५ वर्षं होतायत, नूतनीकरणाची तपासणी आहे, डिस्क बदलावी का?

मोजून ठरवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढते, आणि तपासणीत ब्रेक बघतातच. पण तपासणी एका दिवसाची असते, गाडी पुढे पाच वर्षं चालायची असते. म्हणून एक वही करा. तारीख, किलोमीटर, डाव्या डिस्कची जाडी, उजव्या डिस्कची जाडी, ब्रेक ऑइल कधी बदललं. दर दहा हजार किलोमीटरला चाकं काढाल तेव्हा पुढची ओळ भरा. डिस्क किती झिजतेय आणि अजून किती चालेल हे मग मिस्त्रीला विचारावं लागणार नाही. आणि ही गाडी उद्या कुणाला विकलीत, तर किल्लीबरोबर ती वहीही द्या. पुढच्या माणसालाही घाट उतरायचा आहे.